परदेशातली वीज आणि आपली उपकरणं : वाचकांचे प्रश्न

मुलांकडे निघालेले आईवडील, शिकायला जाणारे विद्यार्थी आणि तिकडचं बिऱ्हाड आवरून पुण्यात परतणारी कुटुंबं यांच्याकडून विजेच्या उपकरणांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. उत्तरं वाचताना आपापल्या उपकरणाखालचं लेबल समोर ठेवा. त्यावरचे व्होल्ट (विजेचा दाब), हर्ट्झ (वीज सेकंदाला किती आवर्तनं करते) आणि वॉट (शक्ती) हे तीन आकडे पाहिल्याशिवाय यातलं काहीच ठरवता येत नाही.

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला जाते आहे. घरचा ७५० वॉटचा मिक्सर आणि इस्त्री न्यायचा विचार आहे. तपकीर गल्लीतून अमेरिकन पिनांचा अ‍ॅडॉप्टर आणला आहे. तेवढा पुरेल ना? — एक वाचक, सहकारनगर

पुरणार नाही. अ‍ॅडॉप्टरच्या आत धातूच्या पट्ट्यांशिवाय काही नसतं. गोल पिना घेऊन चपट्या पिना देणं एवढंच त्याचं काम. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज येते, अमेरिकेत आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. अ‍ॅडॉप्टर लावला तरी मिक्सरला १२० व्होल्टच मिळणार.

इस्त्रीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. तापणाऱ्या कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज निम्मं झालं की शक्ती निम्मी नाही, पाव होते. १००० वॉटची इस्त्री १२० व्होल्टवर जेमतेम २७० वॉट देईल. ती जळणार नाही, कोमट होऊन बसेल. सुती साडीची एक चुणीही मोडणार नाही. तिकडे इस्त्री सहज आणि स्वस्तात मिळते, तेव्हा सामानातलं तेवढं वजन वाचवा. किटली, हीटर, सँडविच टोस्टर यांनाही हेच लागू आहे. आपली इंडक्शन शेगडीही नेऊ नका, ती १२० व्होल्टवर चालतच नाही.

मिक्सरची गोष्ट वेगळी आहे. त्याची मोटर युनिव्हर्सल जातीची, म्हणजे कार्बन ब्रशवाली असते. तिला ५० काय नि ६० हर्ट्झ काय, फरक पडत नाही. फरक पडतो तो व्होल्टेजचा. १२० व्होल्टवर ती साधारण निम्म्या वेगानं फिरेल. रिकामं भांडं फिरताना दिसलं की वाटतं चालला. मग ओलं खोबरं नि मिरच्या घातल्या की पातं अडकतं. पातं अडकलं की मोटरच्या दांड्यावरचा पंखाही थांबतो, वारा बंद होतो आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तापत राहतं. वॉर्निशचा तो ओळखीचा करपट वास आला तर ताबडतोब प्लग काढा. बहुतेक मिक्सरना बुडाशी लाल बटण असतं, ते ओव्हरलोडला बाहेर येऊन मोटर वाचवतं. पण ते दर वेळी दाबून पुन्हा चालू करत राहणं हा उपाय नव्हे.

घरचाच मिक्सर न्यायचा असेल तर १२० चे २४० करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागेल. मिक्सर ७५० वॉटचा म्हणून १००० वॉटचा ट्रान्सफॉर्मर घेतला की फसगत होते. मोटर सुरू होतानाच्या क्षणी आणि वाटण घट्ट असताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. शिवाय स्वस्त ट्रान्सफॉर्मरवर छापलेले वॉट हे बहुधा कमाल असतात, सलग चालण्याचे नसतात. ७५० वॉटसाठी किमान १५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं माप) घ्या, २००० असेल तर उत्तम. एवढ्या ट्रान्सफॉर्मरचं वजन सहा-सात किलो सहज भरतं, तेव्हा तो पुण्याहून न्यायच्या भानगडीत पडू नका, तिकडेच मागवा.

वापरण्याचा क्रम असा ठेवा : मिक्सरचं बटण शून्यावर, मग ट्रान्सफॉर्मर चालू, दोन-तीन सेकंदांनी मिक्सर एक नंबरवर. भांडं निम्म्याच्या वर भरू नका. पाच मिनिटं चालवून दोन मिनिटं थांबवा. काम संपल्यावर ट्रान्सफॉर्मर भिंतीतून काढून ठेवा, कारण मिक्सर बंद असला तरी ट्रान्सफॉर्मर स्वतः वीज खात आणि गुंगुं करत तापत राहतो. मिक्सर चालू असताना त्याच ओळीतल्या सॉकेटवर टोस्टर किंवा मायक्रोवेव्ह लावू नका. अमेरिकन स्वयंपाकघरातलं एक सर्किट साधारण २० अँपिअरचं, म्हणजे १२० व्होल्टवर २४०० वॉटचं असतं. ७५० वॉटचा मिक्सर तिथे चालू स्थितीतच सव्वासहा अँपिअर ओढतो आणि सुरू होताना त्याहून बराच जास्त. त्यात टोस्टरचे दहा-बारा अँपिअर मिळाले की ब्रेकर पडतो.

आमचा सल्ला मात्र वेगळाच आहे. भारतीय कंपन्या खास अमेरिकेसाठी ११० व्होल्टचे मिक्सर बनवतात. चटणीचं भांडं, पुरणाचं भांडं, सगळं आपल्या सवयीचं असतं. सहा महिन्यांसाठी, आणि पुढेही मुलीच्या उपयोगी पडेल म्हणून, तोच घ्यावा. लेबलवर ‘११०–१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. घरची भांडी त्यावर चालवायची असतील तर कंपनी आणि मॉडेल तेच आहे ना आणि खालच्या कपलरचे दाते जुळतात ना, हे निघण्यापूर्वी दुकानात बसवून पाहा.

प्रश्न : जावई म्हणतात की कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटला २४० व्होल्ट असतात, तिथे मिक्सर लावू. चालेल का? — एक वाचक, डहाणूकर कॉलनी

त्या सॉकेटला २४० व्होल्ट असतात हे खरं. अमेरिकन घरात खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन फेज तारा येतात, प्रत्येकीला न्यूट्रलपासून १२० व्होल्ट. दोघींमध्ये मोजले की २४०. ड्रायर आणि मोठी शेगडी या दोन तारांवर चालतात.

पण तिथे मिक्सर लावू नका. आपल्याकडे एक तार फेज नि दुसरी न्यूट्रल असते. तिकडच्या त्या सॉकेटमध्ये दोन्ही जिवंत. आपल्या मिक्सरचं बटण एकच तार तोडतं, म्हणजे बटण बंद असतानाही आत १२० व्होल्ट उभे राहतात. आणि ड्रायरच्या सर्किटचा ब्रेकर बहुधा ३० अँपिअरचा असतो. मिक्सरची बारीक वायर वितळून जाईल, तरी तो ब्रेकर पडणार नाही. घरी जोडून केलेले असे प्लग आगीला आमंत्रण असतात. स्वयंपाकघरात कायमचं २४० व्होल्टचं सॉकेट हवंच असेल, तर घर स्वतःचं असताना परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून योग्य ब्रेकरसकट बसवून घ्यावं.

प्रश्न : मला झोपेत सीपॅप (हवेच्या दाबानं श्वास मोकळा ठेवणारं यंत्र) लागतं, पत्नीला नेब्युलायझर (औषधाचं धुकं करून देणारं यंत्र). दोन्ही भारतात घेतलेली आहेत. मुलाकडे टेक्सासला नेता येतील का? — एक वाचक, औंध

सीपॅपबद्दल बहुधा निश्चिंत राहता येईल. त्याच्या वायरीतल्या काळ्या ठोकळ्यावर (यालाही अ‍ॅडॉप्टर म्हणतात, पण हा नुसत्या पिना नव्हे, वीज बदलून देतो) ‘इनपुट : १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं लिहिलं असेल, तर फक्त पिन बदलायची. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर, कॅमेऱ्याचे चार्जर, बहुतेक ट्रिमर याच जातीचे असतात. आतलं सर्किट येईल त्या व्होल्टेजमधून हवा तेवढा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज, काढून घेतं. ह्युमिडिफायरला वेगळी वायर असेल, तर त्याचं लेबल वेगळं वाचा.

रात्रभर चालणाऱ्या यंत्राला सैल अ‍ॅडॉप्टर लावण्यापेक्षा वायरच बदलणं चांगलं. अ‍ॅडॉप्टरच्या ठोकळ्यातून भिंतीकडे जाणारी वायर बहुधा सुटी होते. ठोकळ्याकडचं तिचं टोक आठच्या आकड्यासारखं आहे, तीन पाकळ्यांचं आहे की कॉम्प्युटरच्या वायरसारखं, ते पाहून फोटो काढून ठेवा. तसंच टोक आणि दुसरीकडे अमेरिकन प्लग असलेली वायर तिकडे कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. यंत्र हातातल्या सामानात ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या.

नेब्युलायझरच्या बाबतीत मात्र थांबा. कॉम्प्रेसरवाले बरेच नेब्युलायझर फक्त ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’चे असतात. १२० व्होल्टवर तो घुरघुरेल, पण हवेचा दाब पुरेसा तयार होणार नाही. औषधाचं धुकं विरळ येईल आणि डोस अपुरा जाईल. दम्याच्या माणसाला ते परवडणारं नाही. बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारा मेश (बारीक जाळीतून धुकं करणारा) नेब्युलायझर जगात कुठेही चालतो, पण पत्नीचं औषध त्यातून देता येतं का, हे आधी डॉक्टरांना विचारा, कारण प्रत्येक औषध त्यातून देत नाहीत. नाहीतर मुलाला तिकडचा १२० व्होल्टचा कॉम्प्रेसर आणून ठेवायला सांगा. मास्क आणि औषधाची वाटी घरचीच न्या. बीपी मोजायचं यंत्र बॅटरीवर चालतं, त्याची काळजी नको.

प्रश्न : टोरांटोला जाताना इलेक्ट्रॉनिक तानपुरा न्यायचा आहे. मागे ११०/२२० असं एक छोटं बटण दिसतं. — एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

ते बटण आहे म्हणजे तुमचं काम झालं. तानपुऱ्याचा प्लग काढलेला असताना, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं बटण सरकवून ११० दिसेल असं करा आणि मग तिकडच्या सॉकेटला लावा. विसरून २२० वर राहिलं तर नुकसान नाही, आवाज येणार नाही किंवा घरघरत येईल.

खरा धोका परतीच्या प्रवासात आहे. ११० वर ठेवलेला तानपुरा पुण्यात २३० व्होल्टला लावला की ट्रान्सफॉर्मरला दुप्पट व्होल्टेज मिळतं. त्याचा लोखंडी गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जातो, करंट बेसुमार वाढतो. नशिबानं फ्यूज जातो, नाहीतर वाइंडिंग. जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या मागे ११५/२३० असं लाल बटण असतं, तिथे परिणाम आणखी वाईट. ११५ वर असताना ते सर्किट आलेलं व्होल्टेज दुप्पट करून घेतं. त्याला २३० दिले तर आतल्या कपॅसिटरांवर (वीज साठवणाऱ्या भागांवर) मिळून सुमारे ६५० व्होल्ट डीसी चढू पाहतात, आणि ते ४०० व्होल्टच्या आसपासच्या अपेक्षेनं बसवलेले असतात. मोठा आवाज होऊन ते फुटतात. म्हणून सामान बांधतानाच बटण २२० वर आणा आणि वर चिकटपट्टी लावा.

तानपुरा सुट्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा असेल, तर तिकडे नवा अ‍ॅडॉप्टर घेताना डीसी व्होल्ट तितकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त चालतील आणि मधल्या टिंबाचं चिन्ह, म्हणजे आत अधिक की बाहेर अधिक, तंतोतंत जुळलं पाहिजे.

प्रश्न : घरघंटी कॅनडाला बोटीनं पाठवायची आहे. ज्वारी-बाजरीचं ताजं पीठ तिकडे मिळत नाही. — एक वाचक, चिंचवड

पाठवू नका. घरघंटीत साधारण एक एचपीची इंडक्शन मोटर असते आणि तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. आपल्याकडे मिनिटाला १४४० फेरे घेणारी मोटर ६० हर्ट्झवर १७०० च्या वर जाते. वेग वाढतो पण जोर कमी होतो, आणि दळताना पीठ जास्त तापतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. शिवाय सुरू होताना ही मोटर पाच-सहापट करंट ओढते, म्हणजे ट्रान्सफॉर्मर तीन-चार हजार व्हीएचा हवा. तिकडे १२० व्होल्टच्या छोट्या धान्य दळण्याच्या गिरण्या मिळतात. भाकरीपुरतं पीठ त्यांच्यावर व्यवस्थित निघतं.

प्रश्न : मुलगा जर्मनीला चालला आहे. तिकडेही २३० व्होल्टच, मग काहीही नेलं तर चालेल? — एक वाचक, कात्रज

विजेच्या बाजूनं चालेल. जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, दुबई इथे आपल्यासारखीच वीज आहे. पिना बदलतात : जर्मनीत दोन गोल पिना नि कडेला अर्थिंगच्या पट्ट्या, ब्रिटन, दुबई आणि सिंगापुरात तीन चौकोनी, ऑस्ट्रेलियात तिरप्या चपट्या. व्होल्ट सारखे म्हणून हर्ट्झही सारखे असतील असं मात्र धरू नका. दक्षिण कोरियात २२० व्होल्ट आहेत, पण ६० हर्ट्झवर.

लक्ष द्यायचं ते अ‍ॅडॉप्टरकडे. ‘जगभर चालणारे’ म्हणून विकले जाणारे बरेच अ‍ॅडॉप्टर अर्थिंगची पिन नुसती बसवून घेतात, पुढे जोडत नाहीत. चार्जरला त्यानं फरक पडत नाही. इस्त्री, किटली, राइस कुकर अशा धातूच्या अंगाच्या उपकरणाला असा अ‍ॅडॉप्टर लावला आणि आत कुठे वायर उघडी पडली, तर अंगावर करंट येतो. त्यावर किती अँपिअर लिहिले आहेत तेही बघा. १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर ओढते, सहा अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर तिच्याखाली पिवळा पडून वितळतो. इकडचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड आणि एक अर्थिंगवाला अ‍ॅडॉप्टर नेला तर चार्जरचा प्रश्न मिटतो. वसतिगृहाच्या खोलीत किटली आणि कुकरला परवानगी आहे का, हे मुलानं आधी विचारावं.

प्रश्न : अमेरिकेतून बाणेरला परत येतो आहोत. तिकडचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर, कॉफी मशीन, मायक्रोवेव्ह आणि पॉवर स्ट्रिप (एक्स्टेन्शन बोर्ड) आणायच्या आहेत. — एक वाचक

पॉवर स्ट्रिप आधी सामानातून काढा. बिनदोष वाटणारी ही वस्तू सर्वांत जास्त फसवते. सर्ज प्रोटेक्शन असलेल्या अमेरिकन स्ट्रिपमध्ये व्होल्टेजचा झटका शोषून घेणारी चकती असते, ती १२० व्होल्टच्या हिशेबानं निवडलेली. २३० व्होल्ट हे तिला कायमचा झटका वाटतात. ती वाहू लागते, तापते आणि धूर निघतो, मग पुढे काही लावलेलं असो वा नसो.

मायक्रोवेव्ह आणू नका. आतला जड ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो, ५० वर तो जास्त तापतो. व्होल्टेज बदलूनही ते सुधारत नाही.

कुकर साधारण १००० वॉटचा असेल. तो थेट २३० ला लावला तर पावणेचारपट शक्ती, म्हणजे ३६०० वॉटच्या वर, ओढू लागेल आणि काही सेकंदांत जाईल. त्याला २३० चे ११५ करणारा, निदान १५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. दुकानात किंवा विमानतळावर मुठीत मावणारे, ‘१६०० वॉट’ लिहिलेले हलके कन्व्हर्टर मिळतात, ते यासाठी नव्हेत. ते व्होल्टेज उतरवत नाहीत, विजेची लाट कापून टाकतात. साध्या हेअर ड्रायरच्या कॉइलला तशी वीज थोडा वेळ चालते, पण इलेक्ट्रॉनिक पॅनल असलेला कुकर किंवा कॉफी मशीन त्यावर बिघडतं. काही उपकरणांचं घड्याळ हर्ट्झ मोजून चालतं. तसं असेल तर ते इकडे तासाला दहा मिनिटं मागे पडेल आणि टायमरवर लावलेला भात उशिरा शिजेल.

एका कुकरसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा तो तिकडेच कोणाला तरी देऊन टाकावा आणि इकडे २३० व्होल्टचा घ्यावा, असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : नागोयाहून जपानी राइस कुकर आणला आहे, १२०० वॉटचा. तो वापरायचाच आहे. कोणता ट्रान्सफॉर्मर घेऊ? — एक वाचक, हिंजवडी

जपानची वीज १०० व्होल्टची. हर्ट्झ मात्र देशात दोन आहेत : टोकियोच्या बाजूला ५०, नागोया-ओसाकाच्या बाजूला ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोनं जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकानं अमेरिकन, तेव्हापासूनची ही वाटणी. तुम्हाला याचा फायदाच आहे. तिथली बहुतेक घरगुती उपकरणं ५०/६० दोन्हींवर चालतील अशी बनवतात, त्यामुळे पुण्यात हर्ट्झचा प्रश्न येऊ नये. लेबलवर खात्री करा.

व्होल्टेजला मात्र जपा. बाजारात तयार मिळणारा स्टेप-डाउन बहुतेक ११० किंवा ११५ चा असतो. १०० च्या उपकरणाला ११० दिले तर साध्या कॉइलच्या कुकरची उष्णता २१ टक्के वाढते, भात तळाला लागतो. तुमचा कुकर इंडक्शनवाला असेल तर आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांवर ताण येतो. पुण्यात रात्री लोड उतरल्यावर व्होल्टेज २४० च्या वर गेलं, की ट्रान्सफॉर्मरचं आउटपुटही त्याच प्रमाणात चढतं, तेही धरून चाला.

म्हणून ट्रान्सफॉर्मर सांगून बनवून घ्या. वाइंडिंग करणाऱ्या कारागिराला असं सांगा : २३० ते १०० व्होल्ट, २ केव्हीए (२००० व्हीए), सलग चालणारा, तांब्याची तार, दोन्ही वाइंडिंग वेगवेगळी, इनपुटला १६ अँपिअरचा तीन पिनी प्लग, आउटपुटला चपट्या पिनांचं सॉकेट आणि फ्यूज. ‘दोन्ही वाइंडिंग वेगवेगळी’ यावर अडून बसा. एकाच वाइंडिंगचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर हलका आणि स्वस्त पडतो, पण त्यातली सामाईक तार तुटली तर कुकरकडे सरळ २३० व्होल्ट जाऊ शकतात.

आणल्यावर कुकर न लावता मल्टिमीटरनं आउटपुट मोजा. रिकाम्यावर १०० ते १०५ ठीक. मग कुकरमध्ये पाणी घालून तो चालू करा आणि परत मोजा. ९५ च्या खाली उतरलं तर तार बारीक वापरली आहे, परत द्या. अर्ध्या तासानं ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर तळहात टेकवून पाहा : गरम लागावा, पण हात काढून घ्यावा लागू नये. चालू करतानाच्या क्षणी कधीकधी घरचा एमसीबी (बोर्डावरचा ब्रेकर) पडतो, कारण गाभ्यात चुंबकत्व भरताना क्षणभर मोठा करंट जातो. बी कर्व्हचा, म्हणजे लहान झटक्यालाच पडणारा एमसीबी असेल तर इलेक्ट्रिशियनकडून त्याच अँपिअरचा, असा क्षणिक झटका सोसणारा सी कर्व्हचा बसवून घ्या. अँपिअर वाढवून घेऊ नका.

अजून कोणी जपानहून निघायचं असेल, तर तिथेच परदेशी वापरासाठी बनवलेली २२०–२३० व्होल्टची मॉडेलं मिळतात, ती विचारा.

प्रश्न : दिवाळीचा आकाशकंदील आणि दिव्यांची माळ सॅन होजेला पाठवायची आहे. — एक वाचक, धायरी

कंदील पाठवा, होल्डर आणि बल्ब ठेवून घ्या. आपला बल्ब खटक्याचा, तिकडचा आट्यांचा. तिकडचं आट्यांचं होल्डर नि १२० व्होल्टचा पाच-सात वॉटचा एलईडी लावायला सांगा, कागद तापणार नाही. २३० व्होल्टच्या एलईडी माळेत दिवे एकामागे एक जोडलेले असतात, त्यांना १२० व्होल्ट पुरत नाहीत आणि माळ पेटतच नाही. यूएसबीवर चालणारी माळ घेतलीत तर ती जशी इथे लागेल तशीच तिथे.